लॉइस्ताच्या रानातले घोडे

बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड या स्वीडिश बेटावर लॉइस्ता हेद नावाचं पाइनचं रान आहे. सुमारे ६०० हेक्टर, सगळीकडून कुंपण घातलेलं. आत पन्नासेक घोड्या आणि त्यांची शिंगरं बाराही महिने मोकळी फिरतात. तबेला नाही. हिवाळ्यात वैरण टाकली जाते, खुरं वेळच्या वेळी छाटली जातात. बाकी पाऊस, बर्फ त्यांचं त्यांनी झेलायचं. तरी ही जनावरं बेवारशी नव्हेत. प्रत्येक घोडीला मालक आहे.

हा गोटलंड रुस, स्वीडनचा एकमेव देशी पोनी. उंची साधारण ११५ ते १३० सेंटिमीटर. कपाळ रुंद, कान छोटे, डोळे मोठे, मान आखूड, पाठ लांबट, पुठ्ठा उतरता आणि खूर दगडासारखे टणक. रंग बहुधा कुमैत किंवा काळा. करडा किंवा अबलख मात्र चालत नाही. चौखूर धावणं बेताचं, पण दुडकी फार सुरेख. म्हणूनच स्वीडनमध्ये मुलांच्या दुडक्या शर्यतींत तो हमखास दिसतो.

एके काळी हे घोडे बेटभर सामाईक रानांत चरत. एकोणिसाव्या शतकात त्या जमिनींची वाटणी झाली, शेतांना कुंपणं पडली आणि पिकात शिरणारं घोडं लोकांना नकोसं झालं. त्यात ठेंगणेपणा नडला. कोळशाच्या खाणींतल्या बुटक्या बोगद्यांत गाडे ओढायला असलीच जनावरं लागत, म्हणून ती परदेशी विकली गेली. पहिल्या महायुद्धातल्या टंचाईनंतर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. तेव्हा लॉइस्ताच्या शेतकऱ्यांनी आणि बेटावरच्या कृषी संस्थेनं त्यांच्यासाठी रान राखून ठेवलं. ज्या कुंपणानं या घोड्यांना हुसकावलं, त्याच कुंपणानं त्यांना वाचवलं, हे मला या साऱ्या हकिगतीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. शोभेचा नमुना म्हणून दावणीला बांधले असते, तर त्यांचा काटकपणा दोन-चार पिढ्यांत ओसरला असता.

मूठभर जनावरांतून वाढलेल्या कळपाला जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा धोका असतोच. १९५० च्या दशकात दोन वेल्श पोनी आणून नवं रक्त मिसळलं गेलं. पुढे १९७१ मध्ये वंशावळीची नोंदवही बाहेरच्या रक्ताला बंद झाली. आता सारी भिस्त निवडीवर आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पारखून घेतलेला एक नर लॉइस्ताच्या कळपात सोडतात. काही वर्षांनी तो बदलावाच लागतो, नाहीतर त्याच्याच लेकी माजावर येऊन त्याच्यापुढे उभ्या राहतील.