मॉरिशसचा वारा आणि लातूरचा पाऊस

“कोकणात धो धो, नि आमच्याकडं नुसता वारा! असं का रे?” नांदेडच्या माझ्या मामी मृग लागला की पश्चिमेचे ढग पाहत हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर शोधावयाचे तर थेट मॉरिशस गाठावे लागते.

विषुववृत्तापाशी तापून वर चढलेली हवा सुमारे 30 अंश अक्षांशावर खाली उतरते. तेथे हवेचा दाब वाढतो. उतरणारी हवा तापते, कोरडी होते आणि ढग धरू देत नाही. जगातील कितीतरी वाळवंटे याच पट्ट्यात आहेत. पण गंमत अशी की, असाच एक जादा दाबाचा प्रदेश मॉरिशसच्या दक्षिणेकडील महासागरावर असतो आणि आपला पावसाळी वारा तोच धाडतो! शास्त्रज्ञ त्याला ‘मस्कारेन उच्चदाब’ म्हणतात. तेथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याशी वळतात आणि अरबी समुद्राची वाफ घेऊन सह्याद्रीवर येऊन थडकतात. 1904 ते 1924 या काळात हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर पावसाचे भाकीत करताना मॉरिशसचा मे महिन्यातील दाब हिशेबात धरीत, ते काही उगीच नव्हे.

मग मराठवाड्याचे घोडे कोठे पेंड खाते? सह्याद्रीपाशी! महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस. लातूरला जेमतेम 700 ते 800. घाट चढता चढता वारा रिकामा होतो. नांदेड-लातूरची उरलेली भिस्त बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर. तेव्हा मामींनी पूर्वेकडेही पाहावयास हवे! ही क्षेत्रे इकडे फिरकली नाहीत, की पिके माना टाकतात.

2014 आणि 2015 असे दोन पावसाळे ओळीने हुकले. मांजरा धरण आटले. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला आली. ते पाणी कृष्णेचे, आणि कृष्णेचा उगम महाबळेश्वरी. सह्याद्रीने अडवून ठेवलेला पाऊस असा रुळांवरून लातूरकरांच्या हंड्यांत पडला.

मॉरिशसचा दाब काही आपल्या हाती नाही. पण शिवारातला थेंब मुरवणे, विहिरींची काळजी घेणे आणि उसाची हाव आवरून तूर-ज्वारीला मान देणे, एवढे तरी खचित आपल्या हाती आहे.