गाडीला उजेड दिसत नाही

फिलामेंटचा जुना बल्ब काढून एलईडी बसवायला पाच मिनिटं पुरतात. मग इंजिन सुरू होतं आणि डॅशबोर्डवर बल्बच्या चित्राचा पिवळा दिवा उजळतो, किंवा साइड इंडिकेटर नेहमीची संथ लय सोडून घाईघाईने टकटक करू लागतो. यावर सोलापुरातल्या कोणत्याही ॲक्सेसरीजच्या दुकानापुढे तीन निदानं ऐकायला मिळतात: बल्ब डुप्लिकेट निघाला, गाडीचा कॉम्प्युटर गोंधळला, नाहीतर ‘एक रेझिस्टर टाका, विषय संपला’. तिन्हींत थोडं तथ्य आहे आणि तिन्ही मुळावर बोट ठेवत नाहीत. मूळ एवढंच आहे की गाडी उजेड पाहत नाही, ती वायरीतून जाणारा करंट मोजते. ही एक गोष्ट नीट लक्षात आली, की इशारा का येतो, तो कसा जातो आणि तो घालवताना आपण काय गमावतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका ओळीत बसतात.

गैरसमज : इशारा खोटा आहे

इंडिकेटर आणि ब्रेक लाइटसाठी वर्षानुवर्षे वापरला जाणारा फिलामेंटचा बल्ब २१ वॅटचा असतो, पार्किंग आणि नंबर प्लेटचा ५ वॅटचा. १२ व्होल्टवर २१ वॅट म्हणजे १.७५ ॲम्पिअर. त्याच्या जागी ३ वॅटचा एलईडी बसवला, तर तोच आकडा पाव ॲम्पिअरवर येतो, म्हणजे एक सप्तमांश. नळाच्या मीटरला पाणी किती गेलं ते कळतं, घागर भरली की नाही ते कळत नाही. गाडीच्या कंट्रोल युनिटचं तसंच आहे. करंट एकदम घटला याचा त्याला शिकवलेला अर्थ एकच, बल्ब गेला. इंडिकेटर घाई करतो त्यामागेही हेच कारण आहे. एका बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन बल्बांपैकी एक उडाला तर चालकाला कानांनी कळावं, म्हणून लय वाढवण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. भारतीय मानक एआयएस-००८ नुसार इंडिकेटरने मिनिटाला ९० वेळा उघडझाप करायची, ३० कमी-जास्त चालतं. म्हणजे ६० ते १२०. त्यापलीकडची धावपळ हा बिघाडाचा निरोप आहे. तेव्हा गाडी गोंधळलेली नसते. जे मोजायला तिला सांगितलं आहे ते ती अचूक मोजते. बदललं आहे ते मोजायचं माप.

यावर हरकत निघते, की दिवे बंद असतानाही एलईडी मिणमिणतो, मग तो तरी सदोष असणारच. बहुतेक वेळा तसं नसतं. अनेक आधुनिक गाड्या दिवा लावण्याआधीच बल्ब शाबूत आहे का, हे तपासायला वायरीत काही मिलिसेकंदांचा झटका पाठवतात. फिलामेंट तेवढ्यात तापत नाही, त्यामुळे ही तपासणी आपल्याला कधी दिसली नव्हती. एलईडी मात्र क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो, म्हणून तीच जुनी तपासणी आता डोळ्यांना दिसते. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या साधारण दहाव्या भागाइतकाच असतो, आणि तपासणीला तोच अपेक्षित असतो. एलईडी तसं उत्तर देत नाही, म्हणून तिथेही ‘बल्ब नाही’ अशी नोंद होते. काही गाड्यांत एकच बल्ब कमी वीज देऊन टेललाइट म्हणून आणि पूर्ण वीज देऊन ब्रेक लाइट म्हणून चालवतात. ही कमी वीज भराभर चालू-बंद करून दिली जाते आणि तीही एलईडीवर थरथर होऊन दिसते.

गैरसमज : ‘कॅनबस’ लिहिलेला बल्ब गाडीशी बोलतो

कॅन म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटांनी आपापसांत माहिती पाठवण्याची पद्धत. ती बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली आणि आज ती जवळपास प्रत्येक चारचाकीत आहे. पण बल्बच्या होल्डरपर्यंत सहसा येते ती साधी वीज आणि अर्थिंग. माहितीची वायर तिथे पोहोचतच नाही. खोक्यावरच्या ‘कॅनबस’ किंवा ‘एरर-फ्री’ या शब्दांचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की बल्बच्या पोटात जादा करंट ओढणारा एक रोध घातलेला आहे. त्यामुळे काही गाड्या फसतात आणि काही फसत नाहीत, कारण किती करंटखाली तक्रार करायची ती मर्यादा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. शेजारच्या गाडीत चाललेला बल्ब आपल्या गाडीत चालत नाही त्याचं कारण हे. शिवाय ज्या उष्णतेपासून एलईडीला दूर ठेवायला हवं, ती निर्माण करणारा भाग त्याच बल्बमध्ये कोंबलेला असतो. असे बल्ब अनेकदा लवकर अंधुक होतात याचं नवल वाटायला नको.

गैरसमज : रेझिस्टर टाकला की काम झालं

शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे थेट उपयोगी पडतो. बाजारात इंडिकेटरसाठी मिळणारा नेहमीचा रेझिस्टर ६ ओहम, ५० वॅट असा असतो. तो एलईडीला समांतर जोडणीत लावायचा असतो. एकसर जोडणीत लावला तर उलट एलईडीच अंधुक होतो आणि इशारा तसाच राहतो. इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. १४ भागिले ६ म्हणजे २.३३ ॲम्पिअर, आणि त्यातून सुमारे ३३ वॅट उष्णता. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि ते कथील वितळवतं. त्याहून जास्त उष्णता बोटाएवढ्या सोनेरी नळकांड्यातून बाहेर पडत असते. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असल्याने सरासरी निम्मी होते खरी, पण ब्रेक लाइटवर तोच रेझिस्टर लावला आणि सिग्नलवर पाय ब्रेकवर ठेवून उभं राहिलं, तर ही सवलत संपते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात तापलेल्या बंपरच्या आत हा रेझिस्टर प्लास्टिकला टेकलेला किंवा टेपने वायरिंगलाच बांधलेला असेल, तर टेप सुटते, प्लास्टिक मऊ पडतं, वायरचं आवरण वितळतं. ‘५० वॅट’ हा आकडा तो धातूच्या पत्र्याला घट्ट आवळलेला असतानाचा आहे, हवेत लोंबकळत असतानाचा नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे हाच ६ ओहमचा रेझिस्टर पार्किंग किंवा नंबर प्लेटच्या दिव्यावर लावणं. तिथला मूळ बल्ब ५ वॅटचा, त्याची नक्कल करायला साधारण ३० ते ४० ओहम पुरतात. हा दिवा सोलापूरहून पुण्याला जाताना रात्रभर सलग पेटलेला असतो. तिथे ६ ओहम म्हणजे मूळ बल्बच्या सहापट उष्णता, तीही तासन्तास. वायर सोलून पीळ देण्यापेक्षा मूळ होल्डरमध्ये बसणारं अडॅप्टर घेणं शहाणपणाचं, कारण उघड्या जोडात पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो आणि मग इशारा परत येतो तो वेगळ्याच कारणाने. आणि हे सगळं करण्याआधी दोन फुकटच्या तपासण्या राहून गेलेल्या असतात. पेटत नसलेला एलईडी होल्डरमध्ये उलटा फिरवून बसवून पाहायचा, कारण त्याला धन-ऋण कळतं, फिलामेंटला कळत नव्हतं. त्यानंतर जुना बल्ब परत लावून पाहायचा. जुन्या बल्बनेही इशारा जात नसेल, तर दोष होल्डरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा फ्यूजमध्ये आहे, एलईडीत नाही. एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा त्याच दिवशी लागला असेल, तर त्याचा बल्बच्या वॅटशी संबंध नाही. काम करताना कुठली वायर दुखावली ते आधी शोधावं.

गैरसमज : रिले बदलला किंवा कोडिंग केलं की गाडी कायमची बरी होते

जुन्या मोटारींत आणि बहुतेक दुचाकींत इंडिकेटरचा फ्लॅशर रिले वेगळा असतो. तो काढून एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले बसवला की लय ठरलेलीच राहते. उष्णता नाही, कापाकापी नाही, म्हणून हा उपाय सर्वांत स्वच्छ. नव्या गाड्यांत मात्र तो रिले नसतोच. ते काम बॉडी कंट्रोल युनिट करतं आणि टकटक आवाजही स्पीकरमधून येतो. तिथे रिले शोधत डॅशबोर्ड उघडणं व्यर्थ आहे. फोक्सवॅगन-स्कोडा समूहाच्या अनेक गाड्यांत निदानाचं यंत्र जोडून एकेका दिव्याची तपासणी बंद करता येते, आणि अंगणात मिणमिणणारा एलईडीही त्याने शांत होतो. पण रेझिस्टर, रिले आणि कोडिंग या तिघांत एक साम्य आहे. रेझिस्टर असेल तर एलईडी मेल्यावरही करंट वाहत राहतो. ठरलेल्या लयीचा रिले करंट मोजतच नाही. कोडिंगने तर विचारपूसच थांबवलेली असते. म्हणजे इशारा गेला, पण राखणही गेली. दिवा गेल्याचं सांगणारं आता गाडीत कोणी उरलं नाही.

गैरसमज : एलईडी जातच नाही, मग राखण हवी कशाला

हा आक्षेप वजनदार आहे, कारण चांगला एलईडी फिलामेंटपेक्षा खूप जास्त टिकतो हे खरंच आहे. पण ते आयुष्य प्रकाश देणाऱ्या चिपचं असतं. तिला वीज पुरवणारं छोटं सर्किट, सोल्डरचे जोड आणि बंद दिव्याच्या आतली उष्णता यांचं नसतं, आणि स्वस्त बल्ब जातात ते इथूनच. शिवाय एलईडी अनेकदा अर्धवट जातो. वीसपैकी सहा चिपा विझतात, उरलेल्या पेटतात. जवळून पाहिलं तर दिवा ‘चालू’ असतो, शंभर मीटरवरून तो ब्रेक लाइट आहे की पार्किंग, हे मागच्याला कळत नाही. डिझेल-पेट्रोल वाचतं हा दुसरा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. पार्किंग, टेल आणि नंबर प्लेटचे सगळे बल्ब बदलून वीस-पंचवीस वॅट वाचतात. महामार्गावर धावणारं इंजिन दहा हजार वॅटच्या घरात शक्ती देत असतं. म्हणजे बचत पाव टक्क्याची, आणि रेझिस्टर लावला की तीही उष्णता होऊन उडून जाते.

गैरसमज : डॅशबोर्ड शांत म्हणजे गाडी नियमात

डॅशबोर्डला करंट कळतो, कायदा कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी पुस्तकात बल्बचा उल्लेखच नसतो, मग बदल कसला, असं विचारलं जातं. पण या कलमात बाहेरून बसवलेल्या भागांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि दिव्यांचा रंग व झोत यांचे नियम वेगळे आहेतच: इंडिकेटर पिवळाच हवा, समोरचा झोत डोळे दिपवणारा नको. हेडलाइटच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं ठरतं. तिथला परावर्तक फिलामेंटच्या नेमक्या जागेभोवती घडवलेला असतो. चिपांची जागा जराशी हलली तरी डिपरची रेषा फुटते आणि उजेड वर सांडतो. जर्मनीत २०२० मध्ये ओसरामच्या एलईडी हेडलाइट बल्बला मान्यता मिळाली तीसुद्धा सरसकट नव्हती, ठरावीक गाड्यांच्या यादीपुरतीच होती. बल्ब आणि दिवा ही जोडी म्हणून तपासावी लागते, हा त्यातला बोध. ऊस गळीताच्या दिवसांत सोलापूरच्या रस्त्यांवर रात्री बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, अनेकांना मागे दिवाच नसतो. समोरून येणाऱ्या सैरभैर झोताने क्षणभर डोळे दिपले, तर अशी ट्रॉली दिसायची राहते. त्या क्षणी दोन्ही गाड्यांचे डॅशबोर्ड अगदी शांत असतात.

मग एलईडी लावूच नये का? केबिनमधला दिवा, डिकीचा दिवा इथे धोका जवळजवळ नाही. मागच्या लाल काचेआड लाल आणि पिवळीआड पिवळाच एलईडी घ्यावा. पांढरा बल्ब लाल काचेतून फिकट गुलाबी दिसतो. हेडलाइट कंपनीने दिला तसाच ठेवावा. आणि इंडिकेटर किंवा ब्रेकला एलईडी लावायचाच असेल, तर गाडीने सोडलेली राखण आपण उचलायची. आठवड्यातून एकदा संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करायची आणि आरशातून लाल-पिवळं प्रतिबिंब दोन्ही बाजूंना सारखं पडतं का, ते पाहायचं. याची गरज कोणाला पटत नसेल, तर बाहेरून रेझिस्टर लावलेल्या गाडीतून एलईडी काढून घ्यावा आणि इंडिकेटर द्यावा. होल्डर रिकामा असतो, मागच्याला काहीच दिसत नाही, आणि आत मात्र टकटक नेहमीच्या संथ लयीत चालू राहते.