रोहिणी खाडिलकर आणि ‘पुरुषांची’ स्पर्धा

रोहिणी खाडिलकर यांचा जन्म १ एप्रिल १९६३ रोजी मुंबईत झाला. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ मध्ये सुरू केलेलं ‘नवाकाळ’ हे घरचं दैनिक. वडील नीलकंठ खाडिलकर त्याचे संपादक, अग्रलेखांसाठी गाजलेले. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही बहिणी बुद्धिबळ खेळत. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली, ती वासंतीने जिंकली. पुढे जवळपास दहा वर्षं हे अजिंक्यपद खाडिलकरांच्या घराबाहेर गेलंच नाही. त्यातली पाच विजेतेपदं एकट्या रोहिणीची. पहिलं मिळालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

तरीही या कारकिर्दीत सर्वांत दूरगामी ठरला तो एक प्रवेशअर्ज. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. याआधी कोणतीही स्त्री तिथे खेळली नव्हती. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत कोणालाही स्त्री म्हणून मज्जाव करता येणार नाही. युवे स्वतः एकेकाळचे विश्वविजेते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला नुसत्या पदाहून अधिक वजन होतं. पटावर ना उंची लागते ना ताकद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एका शाळकरी मुलीसमोर हरायची वेळ आली तर काय, ही धास्ती बहुधा खरी असावी. आज बुद्धिबळात ‘महिला’ आणि ‘खुला’ असे दोन गट मानले जातात. खुला म्हणजे सगळ्यांना खुला.

नेमक्या त्याच सुमारास जॉर्जियाची नोना गाप्रिंदाश्विली हेच पटावर सिद्ध करत होती. १९६२ पासून महिलांची विश्वविजेती असलेल्या नोनाने १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लोन पाइनच्या खुल्या स्पर्धेत संयुक्त पहिला क्रमांक मिळवला, आणि १९७८ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. त्याच वर्षी तिचं विश्वविजेतेपद गेलं तेही जॉर्जियाच्याच सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेकडे. नोनामागे सोव्हिएत प्रशिक्षणाची अख्खी यंत्रणा होती. खाडिलकर भगिनींना त्या काळच्या भारतात तसं काही मिळणं शक्य नव्हतं. घरात एकमेकींशी खेळायला मिळत होतं, हीच त्यांची मोठी जमेची बाजू.

१९७९ मध्ये जयश्री महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. रोहिणीला १९८० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये हैदराबादला पहिली आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. बारा डावांत रोहिणीचे गुण साडेअकरा, म्हणजे अकरा विजय आणि एक बरोबरी. महिला आंतरराष्ट्रीय मास्टर किताबही तिने त्याच वर्षी मिळवला. १९८३ मध्ये क्वालालंपूरला तिने आशियाई विजेतेपद पुन्हा पटकावलं.

१९९३ मध्ये तिने स्पर्धात्मक खेळ थांबवला. पत्रकारिता आणि मुद्रणतंत्राचं शिक्षण घेऊन १९९८ पासून तिने ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाचं संपादन केलं. ‘नवाकाळ’ची धुरा जयश्रीकडे आली.

आशियाई विजेतेपद मराठी घरांत पुन्हा आलं. १९९१ मध्ये भोपाळला भाग्यश्री साठे-ठिपसे आणि २०२३ मध्ये अल्माटीला नागपूरची दिव्या देशमुख विजेती ठरली. जुलै २०२५ मध्ये दिव्याने महिला विश्वचषक जिंकला, तोही नोनाच्या जॉर्जियात, बातुमीला. अंतिम लढतीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्या दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने जिंकली. या विजयाने तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. या किताबाच्या नावाआधी ‘महिला’ हा शब्द नाही. सप्टेंबरात समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत ती महिला गटाऐवजी खुल्या गटात खेळली आणि विश्वविजेत्या डी. गुकेशला तिने बरोबरीत रोखलं.