पट्ट्यावर चालणारी सायकल

मूर्तिजापूरच्या नागरिकांस यंत्राचा पट्टा अपरिचित नाहीं. कपाशीच्या या मुलखांत जिनांची रांगच्या रांग एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनीं फिरविली जाई. पिठाच्या गिरणीचा पट्टा आणि शिवणयंत्राची चामडी वादी तर सर्वांच्याच ओळखीची. हे पट्टे केवळ घर्षणानें चालतात, म्हणून सैल पडले कीं घसरतात. सायकलीच्या साखळीऐवजीं पट्टा बसविला आहे असें ऐकतांच सुज्ञ श्रोत्याच्या मनांत शंका यावयाची ती हीच: चढावर तो घसरणार नाहीं काय?

घसरत नाहीं, कारण हा पट्टा आंतल्या बाजूस दांतेरी असतो. तो पॉलियुरेथेन या रबरासारख्या चिवट द्रव्याचा केलेला असून त्याच्या पोटांतून कार्बनचे तंतु लांबीच्या दिशेनें गेलेले असतात. सन २००७ पासून बाजारांत आलेल्या प्रसिद्ध जातीच्या पट्ट्यांत दर ११ मिलिमीटरांवर एक दांत असतो. कार्बन ताणला जात नसल्यामुळें पट्टा लांबत नाहीं. साखळी मात्र सांधे झिजून लांबत जाते.

वऱ्हाडच्या काळ्या मातींत या गुणाचें मोल विशेष. साखळीला तेल हवें. तेलावर उन्हाळ्यांत धूळ बसते आणि त्या लेपानेंच सांधे कुरतडले जातात. पावसाळ्यांतील चिखलाची गोष्ट तर बोलावयासच नको. पट्ट्याला तेल मुळींच लागत नाहीं. धोतराच्या सोग्यास डागहि पडत नाहीं! मऊ ब्रश व साधें पाणी एवढ्यानें तो स्वच्छ होतो. राकेलानें साखळी धुण्याची जुनी संवय येथें सोडावी हें बरें.

जपावयाचें तें निराळ्याच गोष्टींस. पट्टा दुमडूं नये, पिळूं नये, उलटा करूं नये. आंतले तंतु तुटले तरी वरून कांहीं दिसत नाहीं आणि एके दिवशीं भर रस्त्यांत तो तुटतो. स्क्रू-ड्रायव्हरनें उचकटून चढवूं नये. मागचें चाक पुढें सरकवून मगच चढवावा. ताण कमी पडल्यास दांत उडी मारतात, अधिक झाल्यास बेअरिंगांवर भार येतो.

अडचणीहि आहेत. साखळी एका कडीपाशीं उघडतां येते, पट्टा अखंड असतो. म्हणून सांगाड्याच्या मागच्या भागांत उघडणारा सांधा असावा लागतो. घरच्या जुन्या सायकलीस तो सहसा बसत नाहीं. गिअर हवे असल्यास ते चाकाच्या तुंब्यांत किंवा पायडलांच्या पेटींत असावे लागतात. शिवाय तुटलेली साखळी कोपऱ्यावरचा सायकलवाला घटकाभरांत जोडून देतो. पट्टा जोडतां येत नाहीं, नेमक्या तितक्याच दांतांचा दुसरा मागवावा लागतो. ज्याची रोजची भाकर सायकलीवर अवलंबून आहे त्यानें साखळीच ठेवणें शहाणपणाचें. पट्टाच हवा असल्यास दुसरा आधींच आणून, ज्या वेटोळ्यांत तो आला त्याच वेटोळ्यांत घरीं ठेवावा.