नागरी अक्षरे, अंक आणि जावास्क्रिप्ट

अर्जाच्या संकेतपृष्ठावर शहराच्या नावास १५ वर्णांची मर्यादा घातली, तर ‘औरंगाबाद’ तीत सहज मावते. २०२३ पासूनचे ‘छत्रपती संभाजीनगर’ मावत नाही. वाचकास त्यात दहाच अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्ट १७ मोजते. तिच्या लेखी काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्तचिन्ह, एवढेच नव्हे तर मधली मोकळी जागाही, स्वतंत्र घटक होत. नवशिका मात्र आपलीच आज्ञावली तपासत बसतो!

अंकांचा घोटाळा याहून फसवा आहे. वय ‘२५’ असे नागरी अंकांत लिहिल्यास रूपांतराच्या आज्ञेतून संख्या निघतच नाही. वाचकास इंग्रजी अंकांची सक्ती करणे आम्हांस अनुचित वाटते. नागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की त्याचे मूल्य मिळते.