पुसदचा शंकरपट: घरच्या जोडीची शर्यत

पूस नदीच्या काठी, डोंगरांच्या वेढ्यात वसलेले पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यात होता. जवळच्या गहुलीत वसंतराव नाईकांचा जन्म झाला, एवढ्या ओळखीवर उरलेल्या महाराष्ट्राचे भागते. पुसद, महागाव, उमरखेड या टापूतल्या शेतकऱ्याला मात्र शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सांगितल्याशिवाय ही ओळख पुरी वाटत नाही. मोटारशर्यतीचा ट्रॅक इथे नाही; वेगाची हौस बैलजोडीवरच भागते.

पटाचा हंगाम संक्रांतीच्या सुमारास सुरू होतो आणि महाशिवरात्रीपर्यंत चालतो. खरिपाचा माल घरात आलेला असतो, हाती थोडा पैसा आणि वेळ असतो. गावालगतचे रिकामे वावर सपाट करून पट आखला जातो. हलका छकडा, दोन बैल आणि कासरा धरलेला धुरकरी, एवढाच सरंजाम. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींवरून, म्हणजे धावपट्ट्यांवरून, एकदम सुटतात आणि रात्री नाटक रंगते. पुण्याकडच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडी धावते. इकडे एका वेळी एकच जोडी सुटते आणि तिचा सामना घड्याळाशी असतो. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्यामुळे भांडण झालेच तर ते वेळेवरून होते. हातातल्या थांबघड्याळाची जागा ठिकठिकाणी इलेक्ट्रॉनिक यंत्राने घेतली, ती याच कारणाने.

जोडीमागची माणसे मोजकी असतात: मालक, धुरकरी, चारापाणी पाहणारा गडी आणि हौसेने सोबत येणारे दोनचार गाववाले. मालक स्वतः कासरा धरतोच असे नाही. नावाजलेल्या धुरकऱ्याला दुसऱ्या गावाहूनही बोलावणे येते. कधी जोडीतला एक बैल एकाचा, दुसरा दुसऱ्याचा असतो. वेगवान बैल विकत मिळतो, पण त्याच्या पावलाला पाऊल देणारा जोडीदार मिळणे कठीण, आणि पट बहुधा तिथेच जिंकला किंवा हरला जातो. सरकी, ढेप, हरभरा, दूध असा खुराक, गावोगाव नेण्याचे गाडीभाडे, प्रवेश फी हे सारे शेतीच्या उत्पन्नातून निघते. बक्षिसाने ते भरून येईल याचा नेम नाही. मोटारशर्यतींतही असे वेड दिसते: इटलीतल्या फाएंझा या छोट्या शहराचा मिनार्डी संघ १९८५ ते २००५ फॉर्म्युला वनमध्ये धावला आणि एकदाही पहिल्या तिनांत आला नाही. तरी दर हंगामाला गाडी उभी करायचाच. त्याची चिकाटी इथल्या जोडीवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही.

या हौसेला खरा फटका कायद्याने बसला. २०११ मध्ये केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. पटाचा बैल जड औताच्या कामाचा नसतो, आणि एरवीची कामे ट्रॅक्टरकडे गेलेली. अशा बैलांना नुसते पोसणे अनेकांना झेपले नाही आणि ते विकले गेले. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

बंदी घालणाऱ्यांचा आक्षेप खोटा नव्हता. चाबूक, काठी, टोचणी यांचा वापर पटावर होत असे. आता त्यांना आणि विजेच्या धक्क्याला मनाई आहे. प्रशासनाची परवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी बंधनकारक आहे. धाव १,००० मीटरपेक्षा लांब नको, असेही नियम सांगतो. विदर्भातला पट मुळातच त्याहून पुष्कळ आखूड असल्याने त्या अटीने इथे काही बदलले नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा जुना, नावाजलेला पटही पुन्हा भरू लागला आहे, आणि तिथे महिलाही छकडा हाकतात.