टन, तास आणि गव्हाण

मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर गणिताने मला सोडले की मी गणिताला, हे आता नक्की सांगता येणार नाही. तरीही वार्षिकांकासाठी हा विषय घेतला आहे, कारण एका साध्या भागाकारापायी आमच्या उसाचा नंबर हुकला आणि तो भागाकार मीच केला होता.

आमचे गाव कवठे येमाई. शिरूर तालुक्यात कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी आले आणि बाजरीच्या रानांतून ऊस उभा राहिला. हिवाळ्यात घरोघर एकच चौकशी असते, तोड कधी मिळणार आणि नंबर कधी लागणार. त्या संध्याकाळी सात वाजता अण्णा आणि मी ट्रॅक्टर घेऊन एका कारखान्याच्या यार्डात उभे होतो. आमच्या पुढे सुमारे 1200 टन ऊस असल्याचे कळले. कारखान्याची गाळपक्षमता रोजची 2500 टन. मी लगेच हिशेब मांडला. दिवसाचे तास 24, म्हणजे तासाला 104 टन, म्हणजे 1200 टनांना साडेअकरा तास. अण्णांना म्हणालो, "सकाळी साडेसहाच्या आत काही आपला नंबर येत नाही. चला, मावशीकडे जाऊन पडू."

सहाला परतलो, तर नंबर पुकारून गेला होता आणि आमचा ट्रॅक्टर कडेला काढून ठेवला होता. वजन अजून व्हायचे होते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि पैसे तर काट्यावरच्या आकड्याचे मिळतात. दुपारी तीनला आम्ही काट्यावर चढलो. तोवर अण्णा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

चूक भागाकारात नव्हती, 'दिवस' ह्या शब्दात होती. साखर कारखान्याच्या क्षमतेतला दिवस 22 तासांचा धरण्याचा प्रघात आहे. साफसफाई, बिघाड, ऊस न पोचणे ह्यांसाठी दोन तास सोडलेले असतात. तेव्हा गव्हाण चालू असेल तोवर 2500 भागिले 22, म्हणजे तासाला 113.6 टन ऊस आत जातो. ह्या गतीने 1200 टनांना साडेदहा तास आणि वर थोडी मिनिटे लागतात. त्या रात्री गव्हाण कुठे थांबली नसावी आणि आमचा एक तास तिथेच गेला. कारखान्याने 'क्षमतेपेक्षा जास्त गाळप' केल्याच्या बातम्यांतले थोडे गूढही इथेच उकलते. चोवीस तास अखंड चालला तर हाच कारखाना 2727 टन गाळील.

ठरावीक वेळात किती वजनाचा माल पुढे सरकला, ह्याला शास्त्रात वस्तुमान प्रवाहदर म्हणतात. नाव भारदस्त असले तरी त्यात दोनच गोष्टी आहेत, वरती वजन आणि खाली वेळ. रूपांतर करताना दोन्ही एकदम बदलायला गेले की घोटाळा होतो, म्हणून आधी वजन बदलावे, मग वेळ. तासाला 113.6 टन म्हणजे तासाला 1,13,600 किलो. तासाचे सेकंद 3600. भागले की सेकंदाला 31.6 किलो येतात. थोडक्यात, टन प्रतितास ह्या आकड्याला 3.6 ने भागले की किलो प्रतिसेकंद मिळतात. दोन टनांची बैलगाडी ह्या हिशेबाने मिनिटभरात गडप होते!

आमच्याकडे पाणी क्युसेकमध्ये बोलतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर. हे आकारमान झाले, वजन नव्हे. पण पाण्याचा लिटर किलोचाच असल्याने ते सेकंदाला 28.3 किलो धरता येते. म्हणजे एक क्युसेकची चारी उसाने भरून वाहू लागली, तर जवळजवळ तेवढा ऊस हा कारखाना खातो. ही सवलत पाण्यापुरतीच. दुधाचा लिटर साधारण 1.03 किलो भरतो, उसाचा रस त्याहूनही जड. तिथे लिटरला किलो म्हणून चालत नाही.

जुन्या आकड्यांत आणखी एक खोच आहे. प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला तो रोजच्या 500 टन क्षमतेचा. दशमान वजने आपल्याकडे 1958 पासून लागू होऊ लागली. त्याआधीचा इंग्रजी टन 2240 पौंडांचा, म्हणजे 1016 किलोंचा असे. त्या टनाने 500 म्हणजे आजचे 508 होतात. आठ टनांचा फरक वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल, पण ज्याचा ऊस त्या आठांत असेल त्याला विचारावे. बाष्पकाचे, म्हणजे बॉयलरचे, जुने आकडेही तासाला इतके पौंड वाफ असे दिलेले आढळतात. पौंड म्हणजे 0.4536 किलो. तेव्हा 40,000 पौंड प्रतितास म्हणजे 18.1 टन प्रतितास, किंवा सेकंदाला पाच किलो वाफ.

पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा यार्डात उभे राहिलो, तेव्हा मी 22 ने भागून वेळ सांगितली. अण्णांनी ती ऐकून घेतली, घोंगडी काढली आणि ट्रॉलीखालीच अंथरली.